परवानगी कुणाची?

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे विचारीत आलो, की त्यांच्या परदेशगमनाच्या आड कोण आले? उत्तर ठरलेले असते: समाज. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथील भाषणात त्यांनी आपली बाजू मांडली, तीही समाजापुढेच. अमेरिकी शासनाकडे अर्ज करण्याचा प्रश्न नव्हता. तेथे उतरण्यास भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नसे. चिनी मजुरांना मात्र १८८२ च्या कायद्याने दार बंद झाले होते.

पुढे ते आपल्यालाही बंद झाले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा भूभाग वर्ज्य ठरविला. विद्यार्थ्यांसारख्या मोजक्यांनाच सवलत उरली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय दिला. कित्येकांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. १९४६ मध्ये तो हक्क मिळाला, पण स्थलांतरासाठी वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा! १९६५ च्या कायद्याने ही व्यवस्था मोडली. नातेसंबंध, शिक्षण आणि कौशल्य हे निकष पुढे आले.

अमेरिकेतील मराठी लेखन आपण विरह आणि अस्मिता यांच्या अंगाने वाचतो. परंतु तो विरह कुणाच्या वाट्याला यावा, हेही या निकषांनीच ठरविले. मजुराची, नाकारल्या गेलेल्याची कहाणी त्यात विरळा, ती का, याचे एक उत्तर येथे आहे. साहित्येतिहास शिकविताना ही कायद्यांची सनावळीही फळ्यावर असावी, असे आम्हांस वाटते.