घोडा गाडीतून मुंबईला न्यायचाय? आधी कागद, गाडी आणि खर्चाचा हिशोब पाहा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्याच्या मागोमाग लग्नसराई येते, मग शिवजयंती. या दिवसांत आपल्या भागातले घोडे वरातीला आणि मिरवणुकीला थेट मुंबईपर्यंत जातात. लालबाग, परळ, काळाचौकीकडून सुपारी आली की मालक भाडं ठरवतो, गाडी पाहतो आणि निघतो. कागदाची आठवण होते ती नाक्यावर गाडी अडवल्यावर. म्हणून घोडा गाडीत चढवण्याआधी काय लागतं ते एकदा नीट पाहून घ्यावं.

दंड ५० रुपये, पण घोडा अडकतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. जनावराला त्रास होईल अशी वाहतूक केली तर पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलं तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे वाचून बरेच जण हसतात. पण खरा फटका दंडाचा नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असेपर्यंत जनावर पांजरपोळात किंवा प्राणी संस्थेकडे ठेवायचा आदेश होऊ शकतो. तिथला चारा, औषधपाणी आणि नेण्या-आणण्याचा खर्च गाडीमालक, पाठवणारा, घेणारा आणि वाहतूकदार या सगळ्यांवर मिळून येतो. हंगाम बुडतो तो वेगळाच. गाडीत चूक निघाली तर आरटीओचा दंड आणखी निराळा.

काही जण म्हणतात, हे कायदे गाई-बैलांचे, घोड्याला कोण विचारतं? तसं नाही. गोवंश हत्याबंदीचा कायदा घोड्याला लागत नाही हे खरं, पण वाहतुकीचे नियम घोडा, खेचर आणि गाढव यांना स्पष्ट नावानिशी लागू आहेत.

कोणते कागद लागतात

१) पशुवैद्यकाचा दाखला. घोडा प्रवासाला धड आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असं त्यात लिहिलेलं हवं. जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चे आहेत. त्यानुसार दाखला नसेल तर वाहतूकदाराने घोडा गाडीत घ्यायचाच नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा.

२) वाहतुकीचं प्रमाणपत्र. २००१ च्या दुरुस्तीनंतर हा वेगळा कागद लागतो. सगळे नियम पाळले आहेत, अशी खात्री केंद्र सरकारने किंवा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, व्यक्तीने किंवा संस्थेने द्यायची असते. आपल्या भागात हा अधिकार कोणाला आहे, हेही दवाखान्यातच विचारून घ्या.

३) ग्लँडर्सची तपासणी. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. नाकातून घट्ट चिकट स्राव आणि अंगावर गाठी-जखमा ही त्याची लक्षणं. २००६-०७ मध्ये पुणे आणि पाचगणीत तो आढळला होता. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जातो, म्हणून अहवालाला दिवस लागतात. निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

४) गाडीचे कागद. आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी आणि चालकाचा परवाना. त्याशिवाय जनावरांच्या वाहतुकीसाठी बदल केलेल्या गाडीला आरटीओचा खास परवाना लागतो.

५) पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, किती घोडे आहेत आणि सोबत चारा किती, याची ठळक लाल अक्षरातली चिठ्ठी. गाडी कधी पोहोचेल हे घेणाऱ्याला आधी कळवायचं असतं.

गाडी कशी हवी

मोटार वाहन नियमांत २०१५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रत्येक घोड्याला स्वतंत्र कप्पा लागतो आणि तो किमान २.२५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ चौरस फुटांचा हवा. हौदा १७ बाय ७ फुटांचा असेल तर ११९ चौरस फूट होतात. हिशोब केला तर त्यात चारच घोडे बसतात, पाचवा नाही. त्याच गाडीत दुसरा माल भरता येत नाही.

१९७८ च्या नियमांतल्या बाकीच्या अटी अशा:

- एका गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा घोडे.
- तळाला पाय घसरू नये अशी चटई किंवा तसलं काही, आणि हौदा बुटका असेल तर उंच केलेला.
- दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडव्या फळ्या.
- घोड्याचं तोंड डाव्या बाजूला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांनी तो बुजत नाही.
- सोबत एक माणूस, पाणी, चारा आणि प्रथमोपचाराची पेटी.
- वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही.

गाभण घोडी आणि लहान शिंगरू इतरांत मिसळायचं नाही. आजारी, आंधळा, लंगडा, थकलेला घोडा, तसंच ७२ तासांच्या आत व्यालेली किंवा वाटेत विण्याची शक्यता असलेली घोडी न्यायचीच नाही. छोट्या पिकअपमध्ये दोन घोडे कोंबायची सवय आहे, पण साडेपाच फूट रुंदीत घोडा आडवा नीट उभा राहत नाही.

वेळ आणि खर्च

सारंगखेड्याहून धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, ठाणे असं काळाचौकीपर्यंतचं अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. ताशी ३५ च्या वेगाने नुसतं चालवण्यातच साडेअकरा तास जातात. पाणी-चाऱ्याचे थांबे धरले की अख्खा दिवस गेला समजा. मुंबईत अवजड गाड्यांना ठराविक वेळी बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. निघण्याआधी वाहतूक पोलिसांकडून खात्री करा.

डिझेलचा अंदाज असा काढा. जाऊन-येऊन ८०० किलोमीटर, गाडी लिटरला ८ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर १०० लिटरचे ९,००० रुपये होतात. एकच घोडा नेला तरी तेवढेच लागतात, चार नेले तर वाट्याला २,२५० येतात. म्हणून शेजारच्या मालकांनी मिळून गाडी करावी. यावर टोल, गाडीचं भाडं, चालकाची आणि सोबतच्या माणसाची मजुरी, दाखल्यांची फी, चटई-बांबू आणि मुंबईतला मुक्काम धरा. देशी घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा आणि २५ ते ४० लिटर पाणी लागतं. सुपारी ठरवताना हे सगळं त्यात बसतंय का ते आधी पाहा. नाहीतर कमाई वाटेतच संपते.

मुंबईत उतरल्यावर

मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये हौसेच्या फेरफटक्यासाठीच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि विनापरवाना तबेल्यांवरही बोट ठेवलं. म्हणून घोडा रात्री कुठे बांधायचा, त्या जागेला महापालिकेचा परवाना आहे का, आणि मिरवणुकीला पोलिसांची परवानगी घेतली आहे का, हे बोलावणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या. काळाचौकी महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येते. वाटेत घोड्याला लागलं, पोटशूळ उठला तर जवळच परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तेच नाव सांगून पत्ता विचारा.

सगळे कागद एका पिशवीत चालकाच्या हाताशी ठेवा आणि त्यांचे फोटो मोबाईलमध्येही असू द्या.