दिव्याखालची बाग

नवरात्रांत घटाशेजारीं मातींत पेरलेलें धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतें, हें महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत उगवलेले ते अंकुर पिवळसर, लांबट आणि नाजूक असतात. तेंच धान्य शेतांत पेरलें असतां इतक्या दिवसांत इतकें उंच होत नाहीं, परंतु तें हिरवें व टणक असतें. हा फरक मातीचा नव्हे, पाण्याचाहि नव्हे. तो प्रकाशाचा आहे. अंधारांतील अंकुर बियांत साठविलेल्या अन्नावर जगतो, आणि तें संपण्यापूर्वीं कोठें तरी उजेड गांठावा म्हणून उंच उंच धांवतो. उजेड न लाभल्यास तो कोलमडून पडतो. सूर्याच्या अभावीं हा उजेड माणसाला देतां येईल काय, आणि देतां आल्यास कोणता व किती द्यावा, या प्रश्नाचा इतिहास दीडशें वर्षांहून जुना आहे. आज शहरांतल्या, ऊन न पोहोंचणाऱ्या खोलींत एल. ई. डी. दिव्याखालीं कोथिंबीर लावूं पाहणारा गृहस्थ दुकानांत जाऊन जो गोंधळतो, त्या गोंधळाचीं मुळें याच इतिहासांत आहेत.

विजेच्या उजेडांत रोपाचें पान हिरवें होतें, ही गोष्ट एर्वे मांगों या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १८६१ मध्यें दाखविली. परंतु विजेची बाग म्हणावी असा खटाटोप केला तो सर विल्यम सीमेन्स यांनीं. हे जन्मानें जर्मन, पण इंग्लंडांत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेले. यंत्रविद्येंत व तारायंत्राच्या कामांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें होतें. टनब्रिज वेल्स या गांवाजवळ त्यांचें शेरवुड नांवाचें घर होतें आणि त्याभोंवतीं बागा व कांचगृहें होतीं. इ. स. १८८० च्या हिवाळ्यांत त्यांनीं मोहरी, गाजर, घेवडा, काकडी, खरबूज अशा झपाट्यानें वाढणाऱ्या वनस्पतींचीं कुंडींतलीं रोपें घेऊन त्यांचे चार गट केले. एक गट अखंड अंधारांत, दुसरा केवळ विजेच्या उजेडांत, तिसरा केवळ दिवसाच्या उजेडांत, आणि चौथा दिवसा सूर्याच्या व रात्रीं सुमारें सहा तास विजेच्या उजेडांत ठेवला. दिवा चौदाशें मेणबत्त्यांइतक्या तेजाचा होता. अंधारांतलीं रोपें पिवळीं पडून लवकरच मेलीं. नुसत्या विजेवर वाढलेलीं फिकट हिरवीं, तरी जगण्याइतकीं सशक्त होतीं. दिवसाच्या उजेडांतलीं त्यांहून गडद होतीं. आणि दोन्ही उजेड मिळालेलीं सर्वांत टवटवीत व काळसर हिरवीं निघालीं. त्या वर्षीं मार्च महिन्यांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यांनीं हें सारें मांडलें, आणि सभागृहांतच कळ्या आलेल्या ट्युलिपची कुंडी विजेच्या दिव्यासमोर ठेवली. सुमारें चाळीस मिनिटांत कळ्या उमलल्या. विद्वानांच्या सभेला यापेक्षां बोलका पुरावा कोणता हवा?

पुढील हिवाळ्यांत सीमेन्स यांनीं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. सहा अश्वशक्तीचें एक वाफेचें यंत्र बसविलें. रात्रीं त्यावर दोन प्रखर दिवे चालत, दिवसा त्याच विजेवर पाणी उपसणें, लाकूड कापणें व कडबा तोडणें हीं कामें होत, आणि यंत्रांतून सुटणाऱ्या वाफेनें कांचगृह ऊबदार राही. काटकसरी यंत्रज्ञाचा हा थाट कौतुक करण्याजोगाच आहे. ऑक्टोबरअखेर पेरलेल्या वाटाण्याचें पीक १६ फेब्रुवारीस हातीं आलें. १६ डिसेंबरला आंत आणलेल्या रासबेरीला १ मार्चला पिकलेलीं फळें होतीं, आणि त्याच सुमारास आणलेल्या स्ट्रॉबेरीचीं फळें १४ फेब्रुवारीस तयार झालीं. इंग्लंडांत त्या ऋतूंत बाहेर बर्फ असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या तारखांचें मोल कळतें. वनस्पतीला चोवीस तासांत विश्रांति लागतच नाहीं, असा निष्कर्ष सीमेन्स यांनीं काढला. मात्र त्याच प्रयोगांत गहूं, सातू व ओट हीं धान्यें अखंड उजेडांत विलक्षण वेगानें वर आलीं आणि पक्व न होतां आडवीं पडलीं. याचीहि त्यांनीं प्रामाणिकपणें नोंद केली. आजच्या विक्रेत्यांच्या पत्रकांत पहिल्या प्रकारच्या हकीकती भरपूर आढळतात, दुसऱ्या प्रकारच्या आढळत नाहींत.

आणखी एक बारीकशी गोष्ट त्या हिवाळ्यांत निदर्शनास आली. उघडा दिवा कांचगृहांत टांगला तेव्हां जवळचीं पानें करपून सुरकुतलीं. त्याच दिव्याभोंवतीं साध्या कांचेचा कंदील घातल्याबरोबर अपाय थांबला. डोळ्यांना न दिसणारे जे अतितीव्र किरण दिव्यांतून निघत, ते कांच अडवीत होती. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत लिबर्टी हाइड बेली या उद्यानशास्त्रज्ञानें इ. स. १८९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतहि हाच अनुभव आला. बेलीचे निष्कर्ष सीमेन्सपेक्षां अधिक सावध आहेत, आणि म्हणूनच ते अधिक उपयोगी ठरले. लेट्यूस ही सॅलडची भाजी दिव्याखालीं लवकर तयार झाली. पालक मात्र खाण्याजोगीं पानें धरण्यापूर्वींच फुलावर आला. एकच दिवा एका भाजीला उपकारक आणि दुसरीला मारक कां व्हावा, याचें उत्तर त्या काळीं कोणाजवळहि नव्हतें.

तें उत्तर मिळण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं, आणि तें मिळालें तंबाखूच्या शेतांत. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रयोगक्षेत्रांत गार्नर आणि अलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ 'मेरिलँड मॅमथ' नांवाच्या तंबाखूच्या वाणावर काम करीत होते. हें झाड उन्हाळ्यांत माणसाहून उंच वाढे, पण फुलेना. हिवाळ्यांत कांचगृहांत मात्र लहानपणींच फुले. ऊन, ऊब, खत, पाणी असें सर्व तपासून झालें. अखेर इ. स. १९१८ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं कुंड्या रोज दुपारीं अंधाऱ्या खोलींत नेऊन ठेवण्यास आरंभ केला. दिवस असा कृत्रिम रीतीनें आखूड होतांच तंबाखूला भर उन्हाळ्यांत फुलें आलीं. इ. स. १९२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें बेलीच्या पालकाचें कोडें सुटलें. कित्येक वनस्पति लांब दिवसांत फुलतात, कित्येक आखूड दिवसांत, आणि कित्येकांना त्याची तमा नसते. पालक पहिल्या जातीचा. रात्रीचा दिवा त्याला लांब दिवसाची बतावणी करीत होता. आपली शेवंती दुसऱ्या जातीची, म्हणून ती थंडींत बहरते. आणि बागाईतदार हरितगृहांत रात्रीं दिवे लावून तिचा बहर हवा तितका लांबणीवर टाकतात. इ. स. १९३८ मध्यें हॅमनर आणि बॉनर यांनीं याहून चमत्कारिक गोष्ट दाखविली. वनस्पति मोजते तो खरोखर दिवस नव्हे, रात्र होय. आणि लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला तरी ती मोजणी फसते.

उजेडाच्या रंगाचा शोध याच्याशीं समांतर चालला होता. यूट्रेख्ट येथें एंगेलमान यानें इ. स. १८८२ मध्यें सूक्ष्मदर्शकाखालीं शेवाळाच्या एका तंतूवर इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि पाण्यांत प्राणवायूकडे धांव घेणारे जंतु सोडले. जंतूंची दाटी तांबड्या पट्ट्यापाशीं सर्वांत अधिक आणि त्याखालोखाल निळ्या पट्ट्यापाशीं झाली. हिरव्यापाशीं ते विरळ राहिले. अर्थात् तांबड्या व निळ्या उजेडांत शेवाळ अधिक प्राणवायु सोडीत होतें. पुढें इ. स. १९५२ मध्यें अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथें बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं लेट्यूसच्या बियांवर एक सुंदर प्रयोग केला. तांबडा उजेड दाखविला कीं बीं रुजे. त्यामागून तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद उजेड दाखविला कीं रुजणें थांबे. ही अदलाबदल कितीहि वेळां केली तरी शेवटीं कोणता उजेड पडला एवढेंच बीं लक्षांत ठेवी. म्हणजे वनस्पतीला प्रकाश हें केवळ अन्न नव्हे, ती वार्ताहि आहे.

एंगेलमानच्या प्रयोगावरून लोकांची जी समजूत झाली, तिनें पुढें एल. ई. डी. दिव्यांच्या व्यापारांत बराच घोटाळा केला. हिरवा रंग झाडाला निरुपयोगी, असें पुष्कळांनीं धरून चाललें. टेक्सासमध्यें कीथ मॅक्री यानें बावीस पिकांच्या पानांवर एकेका रंगाचें काम मोजून इ. स. १९७२ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. तांबडा श्रेष्ठ हें खरें. परंतु हिरवाहि बराच कामीं येतो. शेवाळाचा एक तंतु व पिकाचें भरदार पान यांत अंतर आहे. पानाच्या वरच्या थरांतून निसटलेला हिरवा उजेड आंत खोलवर शिरतो आणि तेथें खर्ची पडतो.

आतां प्रत्यक्ष या दिव्याकडे वळूं. ठराविक स्फटिकांतून वीज सोडली असतां ते प्रकाशतात, याचा कसून अभ्यास रशियांत ओलेग लोसेव यानें १९२० नंतरच्या दशकांत केला. हा गुणी मनुष्य इ. स. १९४२ मध्यें लेनिनग्राडच्या वेढ्यांत उपासमारीनें मेला. निक होलोनियाक यानें इ. स. १९६२ मध्यें डोळ्यांस दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एल. ई. डी. दिवा अमेरिकेंत बनविला. निळा मात्र तीस वर्षें हुलकावणी देत राहिला. जपानांत आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनीं तो साध्य केला, आणि त्याबद्दल त्यांना इ. स. २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा हातीं येण्यापूर्वींच विस्कॉन्सिन विद्यापीठांतील संशोधकांनीं तांबड्या एल. ई. डी. ला निळ्या नळीच्या दिव्याची जोड देऊन लेट्यूस वाढविलें होतें; तें काम इ. स. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यामागें अंतराळयानाची गरज होती. तेथें वीज तोलून मापून वापरावयाची, उष्णता वाढूं द्यावयाची नाहीं, आणि कांच फुटण्याचें भय. इ. स. १९९५ मध्यें 'कोलंबिया' यानांत बटाट्याच्या पानाच्या कलमांना अशाच उजेडांत लहान कंद धरले, आणि इ. स. २०१५ च्या ऑगस्टांत अंतराळस्थानकावरील प्रवाशांनीं तेथेंच पिकविलेलें तांबडें लेट्यूस खाल्लें. त्या वाफ्यांत तांबडे व निळे दिवे होते, आणि सोबत हिरवेहि. नुसत्या जांभळट उजेडांत भाजी काळवंडलेली दिसते व ती निरोगी आहे कीं रोगट हें ओळखतां येत नाहीं.

बाजारांत आलेले पहिले घरगुती दिवे जांभळे होते ते याच परंपरेमुळें. आज चांगले दिवे बहुधा पांढरे असतात व त्यांत थोडी तांबड्याची भर असते. जांभळा दिवा शास्त्रीय व पांढरा साधा, ही समजूत सोडून द्यावी. बैठकीच्या खोलींत दिवा लावावयाचा तर पांढराच बरा.

खोक्यावरचे आंकडे वाचण्यांत याहून अधिक फसगत होते. ल्युमेन हें माप मानवी डोळ्यासाठीं घडविलेलें आहे. आपला डोळा हिरवट पिवळ्या उजेडाला सर्वांत अधिक जाणतो, म्हणून तो उजेड त्या मापांत भरमसाट दिसतो आणि तांबडा कमी. रोप प्रकाशाचे कण मोजतें, आणि ते मायक्रोमोल या मापांत सांगतात. तसेंच 'हजार वॅटच्या तोडीचा' ही भाषा पूर्ण निरर्थक समजावी. दिवा भिंतींतून किती वॅट ओढतो आणि प्रत्येक ज्यूल विजेमागें किती मायक्रोमोल देतो, एवढेंच विचारावें. उत्तम दिवा अडीच ते तीन देतो. हा आंकडा जो विक्रेता सांगूं शकत नाहीं, त्याचा दिवा घेण्याची घाई करूं नये.

भर दुपारच्या उन्हांत एका चौरस मीटरवर दर सेकंदास सुमारें दोन हजार मायक्रोमोल पडतात. पालेभाजीला दिव्याखालीं दीडशें ते अडीचशें पुरतात, कारण दिवा ढगाआड जात नाहीं आणि चौदा तास सारखा जळतो. तीस वॅटचा दिवा चौदा तास लावला तर महिन्याला साडेबारा युनिटांच्या आसपास वीज लागते. वांगीं, टोमॅटो, मिरची यांना याच्या दुप्पट तिप्पट उजेड हवा. तो खर्च खोलींत परवडेल कीं नाहीं याचा हिशोब आधीं करावा. दिवा फार उंच टांगणें ही घरोघरची चूक. लहान दिव्यापासून रोप दुप्पट दूर नेलें कीं उजेड पावपट उरतो. एल. ई. डी. पूर्वींच्या दिव्यांसारखी आंच खालीं फेकीत नाहीं, म्हणून तो पानांपासून वीत दीड वीत अंतरावर ठेवतां येतो. पानें फिकट पडूं लागलीं किंवा कडा वळल्या तर वर उचलावा, देठ लांबट व लुळे होऊं लागले तर खालीं आणावा.

राहिला प्रश्न तासांचा. दिवा अहोरात्र ठेवला तर पीक दुप्पट येईल, हा सीमेन्सचा उत्साह अनुभवाला उतरत नाहीं. टोमॅटोचीं रोपें अखंड उजेडांत ठेवलीं तर त्यांचीं पानें पिवळीं पडतात. पालक आणि कोथिंबीर हीं दोन्हीं लांब दिवसांत फुलावर येणारीं. त्यांच्यावर अठरा अठरा तास दिवा जाळला तर पानें थोडीं व दांडे फार, असा बेलीच्या पालकासारखा प्रकार होतो. बारा तासांच्या आसपास थांबावें, आणि उजेड कमी वाटल्यास तास न वाढवितां दिवा खालीं घ्यावा. तुळशीला चौदा तास चालतात. दिवा वेळच्या वेळीं लावणारें व मालवणारें घड्याळाचें बटण थोडक्या पैशांत मिळतें. तें दिव्याबरोबरच घ्यावें, कारण घरांतलीं माणसें एक दिवस दिवा लावावयास विसरतात आणि दुसऱ्या दिवशीं मालवावयास.