हिरडीखालची मोजपट्टी

मुंबईत वाकोल्याच्या दत्त मंदिर रस्त्यावरच्या दातांच्या कुठल्याही दवाखान्यात खुर्चीवर मान टेकवून पडलं, की बाजूच्या ट्रेमध्ये आरसा आणि चिमट्याशेजारी स्टीलची एक बारीक, वाकडी काडी दिसते. तिचं टोक बोथट असतं आणि अंगावर रेघा असतात: 1, 2, 3, 5, 7, 8, 9 आणि 10 मिलिमीटरवर. 4 आणि 6 च्या रेघा मुद्दाम गाळलेल्या आहेत. ओल्या, अंधाऱ्या तोंडात सारख्या अंतरावरच्या दहा रेघा मोजताना डोळा फसतो. मध्ये मोकळी जागा सोडली की तीन कुठे संपले आणि पाच कुठे आले ते एका नजरेत कळतं. डॉक्टर या काडीला नुसतं प्रोब म्हणतात. रेघांची ही मांडणी विल्यम्स प्रोबची.

या काडीची गरज का पडली, हे हिरडीच्या रोगाच्या स्वभावात आहे. दात जबड्याच्या हाडात बसलेला असतो आणि मुळाभोवतीचे तंतू त्याला हाडाशी बांधून ठेवतात. दाताच्या मानेशी जंतूंचा थर साचतो, त्याचं किटण होतं, हिरडी सुजते आणि सूज खाली उतरत गेली की हाड विरघळू लागतं. हिरडी आणि मूळ यांच्यात एक खोल फट तयार होते. तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात. किडलेली दाढ ठणकली की माणूस रात्रीच्या रात्री डॉक्टर शोधतो, पण हाड झिजताना बहुतेकांना काहीच दुखत नाही. घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ते सोडून दिलं जातं. दात हलायला लागतो तेव्हा निम्म्याहून अधिक हाड गेलेलं असू शकतं.

हे दुखणं फार जुन्या ओळखीचं आहे. सुश्रुतसंहितेत दंतमूलाच्या रोगांमध्ये दंतवेष्ट सांगितला आहे: हिरड्यांतून पू-रक्त येतं, दात हलू लागतात. त्याच ग्रंथातल्या वीस शस्त्रांत दातांवरचं किटण खरवडायचा दंतशंकू आहे आणि जखमेचा मार्ग चाचपायची एषणी आहे. एषणीचं टोक गांडुळाच्या तोंडासारखं गोल असावं असं सुश्रुत सांगतो. आजच्या प्रोबचं टोकही मऊ मांस फाटू नये म्हणूनच बोथट असतं. दोन्हींमध्ये सरळ वंश जोडता येत नाही, पण हाताला पडलेला प्रश्न एकच होता. एषणीवर रेघा नव्हत्या. किती खोल, हे वैद्याच्या बोटांनाच ठाऊक.

युरोपात पिएर फोशार यांनी 1728 च्या आपल्या दंतग्रंथात हिरडीच्या रोगाचं आणि किटण काढायच्या अवजारांचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेत हार्टफर्डच्या जॉन रिग्ज यांनी 1870 च्या दशकात ठासून मांडलं की मूळ हिरडीखालून नीट खरवडून साफ केलं तर रोग थांबतो. तिकडे या आजाराला काही काळ ‘रिग्जचा रोग’ हेच नाव पडलं होतं. याच रिग्जनी डिसेंबर 1844 मध्ये होरेस वेल्स यांना हसवणारा वायू दिलेला असताना त्यांची दाढ काढली होती. भूल देण्याच्या इतिहासातला तो मोठा दिवस. हिरडीच्या इतिहासात मात्र रिग्ज आठवले पाहिजेत ते दात वाचवण्यासाठी.

मग 1895 च्या अखेरीस राँटगेन यांचे क्ष-किरण आले आणि जानेवारी 1896 मध्ये ओटो वॉल्कहॉफ यांनी ब्राउनश्वाईगला आपल्याच दातांचा फोटो घेतला. त्यासाठी त्यांना 25 मिनिटं न हलता राहावं लागलं. हाड पहिल्यांदा जिवंत माणसात दिसलं. तरी एक्स-रेने काडीला घरी बसवलं नाही, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एक्स-रेत दोन दातांमधलं हाड दिसतं. गालाच्या आणि जिभेच्या बाजूचं हाड दाताच्याच सावलीत झाकलं जातं. शिवाय हाडातला खनिज भाग साधारण 30 टक्क्यांहून अधिक गेल्याशिवाय फिल्मवर नीट फरक उमटत नाही. एक्स-रे झालेलं नुकसान दाखवतो, हिरडी आज पेटलेली आहे की शांत, हे तो सांगत नाही. ते काडी सांगते: टोक फिरवल्यावर रक्त आलं की नाही.

मोजपट्टी अंगावर घेतलेली काडी विसाव्या शतकातली. 1925 मध्ये सायमन्टन यांनी पॉकेट मोजायची सळई सुचवली आणि 1936 मध्ये कॅनडाच्या चार्ल्स विल्यम्स यांच्या प्रोबने आजचं रूप घेतलं. इथून दंतवैद्याच्या बोलण्यात आकडा आला. ‘हिरड्या कमजोर आहेत’ याऐवजी ‘उजवीकडे खालच्या दुसऱ्या दाढेला मागून 6 मिलिमीटर’.

आता काडीच्या या कुळात मुंबई येते, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे.

मिशिगन विद्यापीठातले नॉर्वेजियन वंशाचे सिगर्ड रॅम्फ्योर्ड यांच्यापुढे एक अडचण होती. पॉकेटची खोली हिरडीच्या कडेपासून मोजतात, पण ती कडच जागची हलते. हिरडी सुजली की वर येते, उतरली की खाली जाते. वाकोला नाल्याचं पाणी किती चढलं हे सांगायला पुलाच्या खांबावर पक्की खूण हवी. खचणाऱ्या काठापासून मोजून भागत नाही. दातावर अशी पक्की खूण आहे: वरचं पांढरं एनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेघ. रॅम्फ्योर्डनी तिथून पॉकेटच्या तळापर्यंत मोजायची पद्धत बसवली. सगळे दात मोजण्याऐवजी तोंडाच्या वेगवेगळ्या भागांतले ठरावीक 6 दात निवडले. दंतविद्येची पुस्तकं आजही त्यांना रॅम्फ्योर्डचे दात म्हणतात. हा निर्देशांक 1959 मध्ये छापून आला आणि 1961 मध्ये जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीत त्यांचा लेख आला: मुंबईतल्या 11 ते 17 वर्षं वयाच्या मुलांच्या हिरड्यांची स्थिती. जगभर वापरल्या गेलेल्या या मोजमापाच्या पहिल्यावहिल्या अभ्यासांत आपल्या शहरातली पोरं होती. त्यांची नावं कुठे नाहीत, पण त्यांच्या तोंडात फिरलेल्या काडीचे आकडे छापलेले आहेत.

पक्क्या खुणेने काय फरक पडतो ते दोन माणसांवर पाहू. एकाची हिरडी सुजून खुणेच्या 2 मिलिमीटर वर आलेली आहे आणि काडी 5 दाखवते. आधार सुटला फक्त 3. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं मशेरी लावणाऱ्या आजी. त्यांची हिरडी 4 मिलिमीटर उतरली आहे आणि काडी 3 दाखवते. नुसती खोली पाहिली तर आजींचं ठीकच दिसतं, पण त्यांचा आधार 7 मिलिमीटर सुटलेला आहे. त्या दाढेचं मूळ बाहेरून दिसतं आणि थंड पाण्याला सळकतं.

काडी धरायलाही शिकावं लागतं. 1978 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःचा प्रोब आखून दिला. त्याच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असते आणि 3.5 ते 5.5 मिलिमीटरमध्ये काळा पट्टा. दाब साधारण 20 ग्रॅमचा. तो कसा ओळखायचा, तर टोक अंगठ्याच्या नखाखाली टेकवून नखाखालची कातडी पांढरी पडेपर्यंत दाबून पाहायचं. 1970 च्या दशकात मॅक्स लिस्टगार्टन आणि इतरांनी दाखवून दिलं की सुजलेल्या हिरडीत काडी खऱ्या तळाच्या पलीकडे शिरते आणि बरी झालेली हिरडी तिला आधीच अडवते. म्हणून उपचारानंतर 6 चे 4 होतात, त्यातला काही भाग हिरडी घट्ट झाल्याचा असतो. हाड तितकं परत वाढलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

वाकोल्यातच काय, सगळीकडे ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘साफ केल्यावर दात हलायला लागतात, फटी पडतात.’ लोक हे उगाच बोलत नाहीत, त्यांना तसं खरंच जाणवतं. हाड गेलेली जागा किटणाने भरलेली असते आणि त्या दगडाने दात एकमेकांना टेकलेले असतात. किटण निघालं, सूज ओसरली की रोगाने आधीच पाडलेली फट उघडी पडते. या भीतीपायी माणसं ही सफाई, म्हणजे स्केलिंग, टाळतात आणि चाळिशीत दात गमावतात, हे मला फार लागतं. साफ करण्याआधी आकडे लिहून रुग्णाला दाखवले तर ही भीती निम्मी होईल.

उपचाराची चाल अशी. आधी घासायची पद्धत सुधारायची, मग हिरडीखालून मुळं साफ करायची, मग साधारण तीन महिन्यांत पुन्हा काडी फिरवायची. रक्त थांबलं आणि पॉकेट 4 किंवा त्याखाली आलं तर तिथेच थांबता येतं. 6 राहिलं तर हिरडी उघडून साफ करतात. ही फ्लॅप सर्जरी स्वीडनच्या लिओनार्ड विडमन यांनी 1918 मध्ये लिहून ठेवली होती आणि 1974 मध्ये तिला कमी मांस कापणारं सुधारित रूप दिलं रॅम्फ्योर्ड आणि निस्ल यांनी. मुळालगत खोल उभा खड्डा असेल तर त्यात हाडाची भुकटी किंवा पडदा घालून काही हाड परत मिळवता येतं. सगळीकडून सपाट झिजलेलं हाड मात्र वाढवता येत नाही, ते टिकवावं लागतं. रॅम्फ्योर्डनीच चार उपचारपद्धती पाच वर्षं शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आणि 1987 मध्ये लिहिलं की दर तीन महिन्यांनी नीट सफाई होत राहिली तर पद्धतींमधला फरक फारसा उरत नाही. ही मोजणी आणि शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ दूर शोधायला नकोत. सांताक्रूझहून धीमी लोकल पकडली की मुंबई सेंट्रलला 1933 पासूनचं नायर दंत महाविद्यालय आहे.

2018 मध्ये जाहीर झालेल्या जागतिक वर्गीकरणात काडीचे हे मिलिमीटरच रोगाचा टप्पा ठरवतात: आधार 1-2 सुटला तर पहिला, 3-4 तर दुसरा, 5 किंवा जास्त तर तिसरा-चौथा. वेग ठरवायला एक साधा भागाकार आहे, गेलेल्या हाडाचे टक्के भागिले वय. चाळीस वर्षांच्या माणसाचं निम्मं हाड गेलं असेल तर उत्तर 1.25. एकाच्या वर म्हणजे रोग झपाट्याचा. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी किंवा मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 7 टक्के किंवा जास्त असेल तरी त्याच वर्गात धरतात.

पण वेग खात्रीने कळतो तो जुन्या आकड्यांशेजारी नवे ठेवून. वाकोल्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत. घर बदललं की दवाखाना बदलतो आणि आकडे जुन्या कपाटात राहतात. दर दाताला सहा ठिकाणी मोजून भरलेला तो तक्ता मागून घ्यावा, निदान मोबाईलवर त्याचा फोटो काढावा, आणि पुढच्या डॉक्टरांच्या हातात एक्स-रेबरोबर तोही द्यावा.