खंडणीचे कुलूप

'रॅन्समवेअर' हा संगणकातील चोर मोठा विलक्षण आहे. तो आपले दप्तर आपल्याच घरात कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो.

डिसेंबर १९८९ मध्ये, एड्सची माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने वाटल्या गेल्या. त्याबद्दल जोसेफ पॉप हा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पकडला गेला. ती फ्लॉपी वापरलेला संगणक सुमारे ९० वेळा सुरू झाला, की फायलींची नावे सांकेतिक होत आणि पनामाच्या टपालपेटीवर १८९ डॉलर धाडण्याचा हुकूम उमटे. परंतु लावण्याची व उघडण्याची किल्ली एकच होती. जाणकारांनी उतारा काढला. १९९६ मध्ये अ‍ॅडम यंग व मोती युंग यांनी दाखविले, की या दोन किल्ल्या वेगळ्या केल्या तर उघडण्याची किल्ली चोरापाशीच राहील. २०१३ च्या 'क्रिप्टोलॉकर'ने या युक्तीला बिटकॉइनची जोड दिली आणि धंदा फोफावला.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधील इस्पितळांतून रोगी परत पाठवायला लावले. ज्या छिद्रातून तो शिरला, त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. अनेकांनी ते लावलेच नव्हते. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. मर्स्क कंपनीची जहाजवाहतूक कोलमडली, आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या धक्क्याचे कामही अडले. हा तर खंडणीखोराचे सोंग घेतलेला विध्वंसक! पैसे भरूनही दप्तर परत मिळणे नव्हते. मर्स्कच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश, याची मूळ नोंद सर्वत्र पुसली गेली. वाचली ती फक्त घानातील कचेरीत, कारण तेथे त्या वेळी वीज गेलेली होती!

तेथे जे दैवाने घडले, ते आपण नियमाने घडवावे. दप्तराची एक प्रत जाळ्यापासून तोडून, वेगळी ठेवावी; ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. सुधारणा वेळीच बसवाव्यात. अनोळखी पत्रासोबतची फाईल उघडू नये.

मात्र एवढ्यावर सारा दोष कारकुनाच्या माथी मारणे आम्हांला मान्य नाही. यंत्राला संरक्षक जाळी बसवायची नाही आणि बोट तुटले की कामगाराला निष्काळजी ठरवायचे, ही रीत आम्ही पुष्कळ पाहिली आहे. एका चुकीच्या टिचकीने सारी कचेरी बंद पडत असेल, तर जाळी कोणी बसवली नाही, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.