मोठ्या घराची मंद चाल

१९६३ च्या ऑगस्टांत आय. बी. एम. ह्या बलाढ्य कंपनीचे प्रमुख, धाकटे थॉमस वॉटसन, ह्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांस एक खरमरीत पत्र धाडिलें. 'कंट्रोल डेटा' ह्या लहानशा प्रतिस्पर्धी कंपनीनें '६६००' हें गणकयंत्र जाहीर केलें होतें. आणि तें घडविणाऱ्या प्रयोगशाळेंत माणसें अवघीं ३४, त्यांत झाडलोट करणाराहि धरलेला! एवढ्या साधनसामग्रीनिशीं आपण मागें कां पडलों, असा वॉटसनसाहेबांचा सवाल होता.

सवाल रास्त, परंतु उत्तराचा एक धागा त्यांच्याच दप्तरांत होता. १९६१ सालीं आय. बी. एम.नें 'स्ट्रेच' हें यंत्र सिद्ध केलें. वचन होतें जुन्या '७०४' च्या शंभरपट वेगाचें. पदरांत पडला सुमारें तीसपट. तरीहि जगांत त्याहून वेगवान यंत्र तेव्हां नव्हतें! वॉटसन ह्यांनीं किंमत १ कोटी ३५ लक्ष डॉलरांवरून सुमारें ७८ लक्षांवर आणिली व नव्या मागण्या घेणें बंद केलें. यंत्राचे प्रमुख स्टीफन डनवेल आडबाजूला पडले. पुढें 'स्ट्रेच'मधील कल्पना '३६०' मालिकेंत सुखानें नांदल्या, आणि १९६६ त वॉटसन ह्यांनीं डनवेल ह्यांचा जाहीर गौरव करून चूक पदरांत घेतली. पण मधल्या काळांत, साहस करणाऱ्याची काय गत होते हें इतरांच्या नजरेंतून सुटलें असेल काय?

'३६०' मालिकेंतील लहानमोठ्या सर्व यंत्रांनीं एकच आज्ञाभाषा बोलावी, असा दंडक होता. व्यापारास तो नामी. वेगाच्या उपासकास मात्र बेडी. एकाच क्षणीं अनेक आज्ञा उरकणारें एक यंत्र कॅलिफोर्नियांत कंपनीच्याच मंडळींनीं आंखलें होतें. प्रथम त्यास '३६०'शीं सुसंगत करण्याचें ठरलें. १९६९ त तें साफ गुंडाळण्यांत आलें.

'६६००' चा कर्ता सेमूर क्रे मुख्य कचेरीपासून दूर, आपल्या चिपेवा फॉल्स ह्या जन्मगांवीं जाऊन बसला होता, तें उगीच नव्हे. त्याचें यंत्र 'स्ट्रेच'च्या सुमारें तिप्पट वेगाचें निघालें. हिशेबाचें काम मुख्य भागाकडे ठेवून माहितीची नेआण त्यानें दहा लहान सहायकांवर सोंपविली होती. घरची व्यवस्थाहि त्यानें बहुधा अशीच लाविली असावी.

पण 'कंट्रोल डेटा'हि मोठी झाली. १९७२ त क्रेच्या '८६००' यंत्रास हवा तितका पैसा देण्यास तिचे प्रमुख विल्यम नॉरिस राजी होईनात. दुसरें एक महायंत्रहि कंपनी पोसत होती. क्रे बाहेर पडला. त्याच्या नव्या कंपनीचें 'क्रे-१' १९७६ त लॉस अलामोस येथें पोंचलें. आणि त्या कंपनीच्या आरंभींच्या भांडवलांत नॉरिस ह्यांच्याच 'कंट्रोल डेटा'चा पैसा होता.