तासाला एक रीळ पुरे

सीताबर्डीच्या आनंद, जानकी, पंचशील या टॉकीजनी नागपूरकरांना सिनेमा पाहायची सवय लावली. तो शिकवायची रीत मात्र पुण्यात घडली. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उघडली आणि आग्र्याला अर्थशास्त्र शिकवता शिकवता फिल्म सोसायटी चालवणारे सतीश बहादुर १९६३ मध्ये तिथे रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून आले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, त्यामुळे वर्गाला प्रिंट मिळण्याची सोय झाली. बहादुरांनी ‘पथेर पांचाली’ शॉटगणिक उलगडून दाखवला. त्यांच्या रीतीचं मर्म माझ्या मते पाहण्यात नव्हतं, तेच पुन्हा पाहण्यात होतं. आजच्या महाविद्यालयांत नेमकं हेच सुटतं: दिवे मालवायचे, चित्रपट लावायचा आणि चर्चा पुढच्या तासाला ढकलायची.

हिशोब साधा आहे. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटी रीळ बोलपटाच्या वेगाने साधारण अकरा मिनिटं चालतं. पन्नास मिनिटांच्या तासात ते दोनदा दाखवूनही बोलायला जवळजवळ अर्धा तास उरतो. उलट ‘संत तुकाराम’ (१९३६) सबंध लावला तर तीन तास खर्ची पडतात आणि शिक्षकाला प्रोजेक्टर सांभाळण्यापलीकडे काम उरत नाही. फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’ची (१९१९) सुरुवात घ्या. कृष्ण होणारी मंदाकिनी आधी नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते, मग कथेत शिरते. नट आणि पात्र यांतलं अंतर समजावायला याहून सोपा नमुना मला ठाऊक नाही, आणि त्याला लागतात मोजकी मिनिटं.

तुकड्यांनी चित्रपटाची लय मोडते, हा आक्षेप खोटा नाही. तुकारामाचे अभंग आणि जिजाईचा त्रागा यांचा तोल एका रिळात सापडत नाही. म्हणूनच सबंध चित्रपट पाहायलाच हवा, पण तासाबाहेर. पुण्याच्या रसास्वाद वर्गातही व्याख्यान आणि पूर्ण खेळ वेगळेच ठेवतात. विद्यार्थी बाहेर पाहतच नाहीत, अशी तक्रार शिक्षक करतात. ती खरी धरली, तरी तिच्यावर उपाय संध्याकाळचा खेळ आहे. सकाळचा तास त्यापायी बुडवायचं कारण नाही. एके काळी हा संध्याकाळचा खेळ बर्डीवर तिकीट काढून मिळे, आता तो महाविद्यालयांनी आपल्या सभागृहात लावावा.