स्प्रिंगफॉक्स रुसला तेव्हा
वेब सेवांची माहिती हातानं लिहायचा आम्हा प्रोग्रामरांना पहिल्यापासून कंटाळा. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशासाठी टोनी टॅम यांनी स्वॅगर रचलं, २०११मध्ये ते खुलं झालं आणि कोडमधूनच पानं तयार होऊ लागली. २०१६पासून स्वॅगरच्या वर्णनाच्या मांडणीला ओपनएपीआय म्हणतात.

जावातल्या स्प्रिंग या चौकटीत काम करणाऱ्यांना स्वॅगरशी जोडणारा दुवा म्हणजे स्प्रिंगफॉक्स. त्याची शेवटची आवृत्ती २०२०ची. नोव्हेंबर २०२१मध्ये स्प्रिंगच्याच स्प्रिंग बूट २.६नं वेब पत्ते जुळवायची मूळ पद्धत बदलली, अन् स्प्रिंगफॉक्स वापरणारे प्रकल्प सुरू होतानाच ‘नल पॉइंटर’च्या त्रुटीवर आपटू लागले. ही जुळवणीची पद्धत, म्हणजे मॅचिंग स्ट्रॅटेजी, पुन्हा जुनी ‘अँट पाथ मॅचर’ केली की काम भागायचं. मला विचाराल तर ती मलमपट्टीच! आम्ही सरळ स्प्रिंगडॉक या पर्यायी लायब्ररीकडे वळलो. तिथं मात्र कोडला माहिती जोडणारी जुनी अ‍ॅनोटेशन्स बदलत बसावं लागलं: ‘एपीआय-ऑपरेशन’च्या जागी नुसतं ‘ऑपरेशन’, फाइलमागून फाइल.